फोर-बाय-फोरचा भाव गाडीखाली

जुनी थार किंवा जिप्सी घेताना लोक आधी रंग बघतात. भाव मात्र गाडीखाली वाकून करावा. समुद्रकाठी फिरलेल्या गाडीची चासी खारं पाणी आतून खातं. तिथे ताजा काळा रंग दिसला, की माझा संशय वाढतोच.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो, म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून पळवली, की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. ती झिजली आहे का हे कळायला मोकळ्या मातीत फोर-हाय, फोर-लो टाकून आवाज ऐका.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडलं: दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतात, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. तेव्हा मेकॅनिककडून दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या आणि तेवढाच वजा करून मागा.