पायाला सुट्टी, शरीराला नाही

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. अर्धमॅरेथॉनचा सराव चालू होता आणि उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या जरा मागे, दुखायला लागलं. एक्स-रे स्वच्छ आला. 'मुरगळलं असेल' असं स्वतःलाच सांगत मी आणखी दोन आठवडे धावले. मग एमआरआय झाला आणि दुसऱ्या मेटाटार्सलचं स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सहा आठवडे पायात मोठा बूट, धावणं बंद. आईचा फोनवरचा सल्ला ठरलेला: "आता गुपचूप पडून राहा."

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आईचं ऐकायचं का? अर्धं ऐकायचं. त्या हाडाला विश्रांती हवीच, पण बाकीच्या शरीराला ती महागात पडते.

न पडता हाड कसं मोडतं?

आपल्या पावलात २६ हाडं असतात. त्यातली बोटांच्या मागची पाच लांबट हाडं म्हणजे मेटाटार्सल. चालताना जमिनीचा पावलावर येणारा जोर साधारण शरीराच्या वजनाइतका किंवा थोडा जास्त असतो. धावताना तो दोन ते तीनपट होतो. एका पावलात एक मीटर अंतर धरलं, तर ५ किलोमीटर धावताना प्रत्येक पाय २,५०० वेळा आपटतो. ६० किलोच्या माणसासाठी म्हणजे दर वेळी १२० ते १८० किलोचा जोर.

या माऱ्याने हाडात सूक्ष्म भेगा पडतात आणि ते नेहमीचंच आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी खराब झालेला भाग खणून काढतात, मग ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड भरतात. अडचण अशी की खणणं काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र काही महिने लागतात. रस्ता खोदून ठेवलाय आणि डांबर अजून यायचंय, अशा वेळी त्यावरून ट्रक नेले तर जे होईल, तेच इथे होतं. सराव अचानक वाढवला की भेगा जुळून मोठी चीर पडते.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं होतं. ते हाड मोडल्यामुळे होतं हे कळायला क्ष-किरणांचा शोध लागावा लागला. आणि आजही सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे पण एका ठरावीक जागी बोट दाबल्यावर कळ येते, असं असेल तर माझ्यासारखं करू नका. पुन्हा दाखवा.

पडून राहण्याची किंमत

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. व्यायाम करताना त्यांचं शरीर जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकत होतं, ते प्रमाण सरासरी पाव हिश्शाहून अधिक घसरलं. ३० वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वयामुळे ३० वर्षांत झालेली घसरण त्या तीन आठवड्यांतल्या घसरणीपेक्षा कमी निघाली.

बूट घालून घरात वावरणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे, पण दिशा तीच. मात्र हृदयाला त्याचं काम पाय आपटून झालं की हात फिरवून, याच्याशी देणंघेणं नसतं.

मग करायचं काय?

डॉक्टर किंवा फिजिओची परवानगी मिळाली की सर्वात चांगली जागा म्हणजे तरणतलाव. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात जवळपास एक तृतीयांश, गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. खोल पाण्यात कमरेला तरंगणारा पट्टा बांधून धावण्याची हालचाल केली, तर पाऊल तळाला टेकतच नाही. पोहताना पाय मारणं दुखत असेल, तर मांड्यांमध्ये फोमचा तुकडा धरून फक्त हातांनी पोहा. भिंतीला पाय लावून ढकलणं टाळा. तिथे सगळा जोर नेमका बोटांच्या मुळाशी येतो. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा दहाएक कमी पडतात, त्यामुळे घड्याळातला आकडा गाठायच्या मागे लागू नका. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की पुरे.

पुढची पायरी स्थिर सायकलची. बसूनच चालवा आणि पेडल चवड्याखाली न ठेवता पावलाच्या मध्याखाली ठेवा. रोइंग आणि एलिप्टिकल यंत्रांत चवड्यावर जोर येतो, ती नंतर.

चांगल्या पायाचा व्यायाम सोडू नका. येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसलं होतं की एका हाताने सराव केला तर दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते. स्नायूंना आज्ञा देणारी मज्जासंस्था दोन्ही बाजूंना शिकत असते.

बुटामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळव्याचं पादत्राण घाला.

आपले खास सापळे

'धावत नाही तर निदान सूर्यनमस्कार घालते,' असं मलाही वाटलं होतं. आठवून पाहा: त्यातल्या कितीतरी स्थितींत बोटं दुमडून चवड्यावर भार असतो. दंड आणि उकिडवं बसणंही तसंच. त्याऐवजी पाठीवर झोपून करायचे पोटाचे आणि कुशीवर झोपून करायचे मांड्यांचे व्यायाम करा, आणि खुर्चीत बसून वजनं उचला.

दारात चपला काढायची सवय चांगली, पण घरातल्या कडक लाकडी फरशीवर अनवाणी फिरणं दुखऱ्या हाडाला मानवत नाही. फक्त घरात वापरायचा बुटांचा एक जोड ठेवा.

ड जीवनसत्त्वही पाहा. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, लंडन साडेएक्कावन्नवर. तिथल्या हिवाळी उन्हात त्वचेला ते जीवनसत्त्व जवळजवळ तयारच करता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला मुळातच जास्त ऊन लागतं. म्हणून ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करा, असं सरकारी आरोग्यखातं सांगतं.

पुन्हा धावायचं केव्हा?

दुखणं हाच मापक. व्यायाम करताना, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना, अशा तीन वेळा तपासा. एकदाही वाढलं असेल तर मागची पायरी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर हा मापक चालत नाही. प्रत्येक पायरी डॉक्टरांना विचारूनच चढा. करंगळीच्या मेटाटार्सलचा मागचा भाग आणि नॅव्हिक्युलर ही हाडं हट्टी असतात, तिथेही स्वतःचं डोकं चालवू नका. आणि पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

अर्ध्या तासाचं चालणं न दुखता जमलं की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, इथून सुरुवात करा. तेव्हा दम शाबूत असेल आणि आणखी धावावंसं वाटेल. धोका नेमका तिथे आहे. हृदय तयार असतं, पण हाडाचं डांबर अजून ओलं असतं. वेग हाडाने ठरवू द्या.