चूक किती, भरपाई किती?

आखाडा बाळापुरात बाजाराच्या दिवशी हिंगोली-नांदेड रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. एका मोटारसायकलवर तिघे, मध्ये बियाण्याची पिशवी, हेल्मेट कुणालाच नाही. हे दृश्य कुणाला नवे नाही. समजा, अशाच एका गाडीला मागून टेम्पोने उडवले आणि मागे बसलेला घरातला कर्ता माणूस गेला. तेरावे उरकताच कुणी जाणता सांगतो, "ट्रिपल सीट होते ना? मग कसली भरपाई? मिळेल ते घ्या." आणि घरची मंडळी निमूटपणे कागदावर अंगठा उठवतात.

वाचकहो, कायदा इतका निर्दय नाही. जखमीची किंवा मृताची थोडी चूक होती, एवढ्याने दावा बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चुकीची वाटणी करते. नुकसान १२ लाखांचे ठरले आणि मृताचा दोष २५ टक्के निघाला, तर ३ लाख वजा होतात, ९ लाख मिळतात. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात.

पण नियम मोडणे वेगळे आणि अपघाताला कारण होणे वेगळे. २००८ साली दिल्लीत तिघे बसलेल्या मोटारसायकलला मोटारीने मागून धडक दिली. मागे बसलेला तरुण दगावला. उच्च न्यायालयाने त्याचा दोष १० टक्के धरला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ती कपात रद्द केली. तिघे बसणे हा कायद्याचा भंग खराच. परंतु त्यामुळे अपघात घडला किंवा मार वाढला, हे दाखवल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत.

शिवाय चालवणाऱ्याची चूक मागे बसलेल्याच्या माथी मारता येत नाही. दोन्ही चालक चुकले असतील, तर प्रवाशाला पूर्ण भरपाई कोणा एकाकडूनही मागता येते, असे याच न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले.

म्हणून घटनास्थळाचा पंचनामा नीट होतो की नाही, ते पाहा. धडक कुठे बसली, गाडी कोणत्या बाजूला होती, टायरच्या खुणा कुठे उमटल्या, यावरच टक्के ठरतात. स्वतःची चूक लपवू नका. खोटे उघडे पडले की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

हेल्मेट घालाच, तिसऱ्याला बसवू नका. कितीही लाख आले तरी गेलेला माणूस परत येत नाही. पण त्याच्या पोराबाळांचा हक्क कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर सोडून देऊ नका.