गिऱ्हाइकाची दुसरी फेरी

"फोटोच्या धंद्यात पोट भरते का हो?" हा प्रश्न मला मुलांचे आईबाप हमखास विचारतात. घरातल्या चिरंजीवांनी किंवा कन्येने कॅमेरा गळ्यात अडकवला, की वडिलांच्या कपाळाला आठी पडते. घाटकोपरात माझा लहानसा स्टुडिओ आहे आणि कारखान्यांची छायाचित्रे काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. माझे उत्तर ठरलेले असते : पोट कॅमेऱ्यावर भरत नाही, गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या फेरीवर भरते.

लग्नाचे गिऱ्हाईक एकदाच येते. तसे ते एकदाच यावे, हीच आपली सदिच्छा! कारखान्याचे तसे नाही. नवे यंत्र बसले, माहितीपत्रक निघाले, वार्षिक अहवाल छापायचा झाला, की छायाचित्रकार हवाच. घाटकोपर ते मुलुंड हा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, एके काळी कारखान्यांनी गजबजलेला होता. आज त्यांतील कित्येकांच्या जागी उंच इमारती आणि मॉल उभे आहेत.

या विद्येचे मुंबईतील मोठे नाव म्हणजे मित्तर बेदी. १९२६ साली लाहोरला जन्मलेले हे गृहस्थ मुंबईत प्रथम चित्रपटांच्या प्रसिद्धीचे काम करीत. १९५९ मध्ये एका परदेशी उद्योग-छायाचित्रकाराची गाठ पडली आणि त्यांनी आपला मोहरा कारखान्यांकडे वळवला. पोलाद, तेल, ट्रॉम्बेची अणुभट्टी, सारे त्यांच्या कॅमेऱ्याने टिपले. १९८५ साली ते वारले, तोवर त्यांनी हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित व्यवसाय आहे हे दाखवून दिले होते.

आता कारखानदार आपल्याला फाटकाच्या आत घेतो, म्हणजे काय करतो? बाजारात न आलेला माल तो आपल्याला दाखवतो. ते गुपित आपल्या पोटात राहिले पाहिजे. छायाचित्र थोडे उणे उतरले तर पुन्हा काढता येते; फुटलेली बातमी परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट जपणुकीची. मुंबईच्या पावसाळ्यात निगेटिव्हला बुरशी फार लवकर धरते. मी प्रत्येक पाकिटावर तारीख आणि क्रमांक घालून ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवीत आलो. आता संगणकाच्या काळात प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असतात. भांडुपचा एक कारखाना बंद पडून बरीच वर्षे लोटल्यावर त्याचे जुने मॅनेजर माझ्याकडे आले. त्यांना यंत्रशाळेचे चित्र हवे होते. मी वही पाहून पाच मिनिटांत निगेटिव्ह काढून दिली. ते काही वेळ बोललेच नाहीत. पुढे त्यांच्या नव्या कंपनीचे काम माझ्याकडेच आले. नाते पाटीशी नसते, माणसाशी असते. विक्रोळीला गोदरेजने २००६ साली स्वतःचे अभिलेखागार उभारले, ते जुन्या कागदाचित्रांचे मोल ओळखूनच.

तिसरी गोष्ट मात्र भिडस्त मराठी माणसाला जड जाते : सारे लेखी ठेवणे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. तेव्हा आपल्या नमुन्यांच्या वहीत ते चित्र लावायचे असेल, तर तशी ओळ करारात आधीच घालून घ्यावी.

पैशांचेही तेच. एका कंपनीने माझे बिल सहा महिने टेबलावरून टेबलावर फिरवले होते. आवाज न चढवता, दर सोमवारी बिलाची प्रत घेऊन मी हजर राहिलो, तेव्हा ते चुकते झाले. आज लहान व्यावसायिकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. नोंदणी केलेली असेल, तर करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे सौम्य शब्दांत बिलावरच छापून ठेवावे. हिशेब स्पष्ट असला, की गिऱ्हाइकाला राग येत नाही, उलट भरवसा वाटतो.

दिवाळीला गिऱ्हाइकाकडे मिठाईचा पुडा जरूर पाठवावा. पण त्याआधी त्याचा डबा कोरड्या जागी आहे ना, हे पाहून घ्यावे!