रोख साहाय्य : रकमेइतकेच तारखेला महत्त्व

कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाची मिळकत आणि त्याचा खर्च यांचा मेळ सहसा बसत नाही. सोयाबीन, कापूस, तूर बाजारात गेली म्हणजे, साधारणतः दिवाळीच्या सुमारास आणि त्यापुढील तीन-चार महिन्यांत, अशा घरात पैसा येतो. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. बियाणे, खते, मुलांच्या वह्या आणि गणवेश, पावसाळ्यातील आजारपण हे सारे जून ते सप्टेंबर या काळात एकदम उभे राहते. आणि नेमक्या याच काळात कणगीतील धान्य व गाठीचा पैसा संपत आलेला असतो.

ही उणीव आजवर कर्जाने भरून निघत आली. वाण्याकडील उधारी, सवाई-दिढीने घेतलेले धान्य, मुकादमाकडून घेतलेली उचल ही त्या कर्जाची निरनिराळी रूपे होत. या कर्जाची खरी किंमत व्याजाच्या आकड्यात पुरती दिसत नाही. उचल घेणाऱ्याने पुढील हंगामातील आपले श्रम आधीच बांधून दिलेले असतात. पीक निघताच देणे भागवावयाचे असल्याने भाव पडलेला असतानाही माल विकावा लागतो. थेट रोख साहाय्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. लहानशी रक्कम कुटुंबाचे दारिद्र्य नाहीसे करू शकत नाही. परंतु ती ठरलेल्या वेळी हाती पडली, तर कर्जाची एक फेरी टळू शकते.

राज्यातील परंपरा

टंचाईच्या महिन्यांची जाणीव महाराष्ट्राच्या धोरणात पूर्वीपासून दिसते. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमीच्या कामांना १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा १९७८ मध्ये सुरू झालेल्या खावटी कर्ज योजनेचा हेतू होता. १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू होऊन निराधार, विधवा व अपंग व्यक्तींना दरमहा रोख अनुदान मिळू लागले.

अलीकडच्या काळात या परंपरेचा व्याप पुष्कळ वाढला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत देण्याची तरतूद करण्यात आली. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तेवढीच भर घालण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतून पात्र महिलांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. २०१४ मधील जनधन योजनेने लक्षावधी घरांत प्रथमच बँकेचे खाते उघडले गेले होते; थेट हस्तांतरणाचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

मध्य प्रदेशातील प्रयोग

रोख रक्कम हाती आल्यावर ग्रामीण कुटुंब तिचे काय करते, याचे उत्तर शेजारच्या मध्य प्रदेशातील एका प्रयोगाने दिले आहे. 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११ मध्ये तो सुरू केला. आठ गावांतील प्रत्येक रहिवाशास, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, दरमहा रक्कम देण्यात आली. प्रौढास २०० व बालकास १०० रुपये असे प्रारंभीचे प्रमाण होते. वर्षभराने ते ३०० व १५० करण्यात आले. बालकांची रक्कम आईच्या हाती दिली जाई. खर्च कशावर करावा याविषयी कोणतीही अट नव्हती. ज्यांना रक्कम दिली गेली नाही अशी बारा गावे तुलनेसाठी निवडली होती. पुढे एका आदिवासी गावातही असाच प्रयोग झाला.

निष्कर्ष बोलके होते. रक्कम मिळालेल्या गावांत आहार सुधारला आणि वयाच्या मानाने मुलींचे वजन वाढल्याचे आढळले. शाळेवरील खर्च वाढला. कुटुंबांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, बियाणे व खतांवर पैसा लावला आणि परक्याच्या शेतावरील मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात अधिक दिवस काम केले. कर्जाचा भार हलका झाला. फुकटचा पैसा दारूत जाईल, ही शंका मात्र खरी ठरली नाही.

या प्रयोगात गावकऱ्यांचे शिधापत्रिकेवरील धान्य बंद करण्यात आले नव्हते, हेही लक्षात ठेवावयास हवे. रोख रक्कम ही अन्य सेवांच्या जोडीला होती, त्यांच्या जागी नव्हती.

मासिक की एकरकमी ?

तीच रक्कम दरमहा द्यावी की एकदम, हा प्रश्न पश्चिम केनियातील एका अभ्यासाने तपासला. तेथील रारिएदा भागातील गरीब कुटुंबांना २०११-१२ मध्ये मोबाइलद्वारे विनाअट रक्कम पाठविण्यात आली. काहींना दरमहा, तर काहींना एकरकमी. कोणाला कशी मिळावी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मासिक रक्कम मिळालेल्या घरांत अन्नाची शाश्वती अधिक वाढली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तूंवर अधिक खर्च केला. अनेक घरांवरील गवताच्या छपराच्या जागी पत्रे आले. दारू-तंबाखूवरील खर्च येथेही वाढला नाही.

म्हणजे पैसा कोणत्या वेळी येतो, यावरून त्याचे काम ठरते. एकरकमी पैशाने मत्ता उभी राहते. नियमित पैशाने चूल पेटती राहते. दोन्हींना आपापले स्थान आहे. परंतु मासिक म्हणून मंजूर झालेली रक्कम चार महिने अडकून एकदम आली, तर हिशेबाच्या वहीत ती पूर्ण दिसते, घरात मात्र ती तशी उरत नाही. मधल्या काळात औषधासाठी उसने घ्यावे लागलेले असते, दुकानदाराची उधारी साचलेली असते. उशिरा आलेली रक्कम ती देणी फेडण्यातच जाते. एकाकी विधवेच्या बाबतीत तर तारीख चुकणे म्हणजे एक वेळचे जेवण चुकणे ठरू शकते.

अडथळे आणि गावपातळीवरील कर्तव्ये

रक्कम अडकण्याची कारणे बहुधा लहान असतात. आधारवर आधारित हस्तांतरणात पैसा आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या बँकेतील खात्यात जातो. दुसरे खाते उघडताना ही जोडणी बदलली गेल्यास लाभार्थी जुन्या खात्यावर चौकशी करीत राहतो आणि पैसा दुसरीकडे पडून असतो. नावातील फरक, हयातीचा दाखला वेळेवर न पोहोचणे, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटणे, ही आणखी काही कारणे. बँकेची शाखा दूर असल्यास हेलपाट्यांत एका दिवसाची मजुरी व प्रवासखर्च जातो. तितके अनुदान वस्तुतः कमी झालेले असते.

यातील कित्येक अडचणी गावातच दूर होऊ शकतात. ग्रामसभेपुढे लाभार्थ्यांची यादी वाचली गेली, तर कोणाचा हप्ता आला नाही हे त्याच बैठकीत कळते. ग्रामपंचायतीने बँक मित्र किंवा टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यास ठरावीक दिवशी गावात बोलाविल्यास वृद्ध व अपंगांचा हेलपाटा वाचतो. रक्कम कोणत्या खात्यात गेली हे पाहण्याची रीत आणि खात्याचा गुप्त क्रमांक कोणासही न सांगण्याची सावधगिरी शिक्षकांना पालकसभेत सहज समजावून सांगता येईल.

वगळल्या गेलेल्यांकडेही लक्ष हवे. जमिनीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या साहाय्यात भूमिहीन मजुराचे घर येत नाही. जिचे नाव सात-बारावर चढलेले नाही ती शेतात राबणारी स्त्रीही येत नाही. अशा व्यक्ती अन्य योजनेस पात्र आहेत काय, हे पाहून त्यांचे अर्ज तहसील कार्यालयापर्यंत पोहोचविणे हे तलाठी, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना करता येण्याजोगे काम आहे.

रोख साहाय्य शाळा बांधीत नाही, दवाखान्यात डॉक्टर आणीत नाही, विहिरीला पाणी लावीत नाही. ती कामे शासनाने व समाजाने स्वतंत्रपणेच करावयाची आहेत. मात्र हातात थोडा पैसा निश्चितपणे येणार आहे, हे ठाऊक असलेले कुटुंब मुलीला शाळेतून काढण्यापूर्वी थांबते, शेळी विकण्यापूर्वी थांबते आणि उचल घेण्यापूर्वी विचार करते. हा विसावा रकमेच्या आकड्याइतकाच तिच्या तारखेवर अवलंबून असतो, आणि ती तारीख पाळली जाते की नाही यावर लक्ष ठेवणे गावाच्या हाती आहे.