बोट सुजलंय? पिकायची वाट पाहू नका

भेंडा-सोनईच्या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की नेवासा तालुक्यात कोयता, पाचट आणि बाभळीचा काटा यांच्याशी हातांची रोजची गाठ. काटा निघतो, माणूस पुन्हा फडात जातो. दोन दिवसांनी बोट ठणकू लागले की घरातून सल्ला येतो: ‘हळद-चुना लाव, पिकू दे, तोंड आलं की फोडू.’

गैरसमज : पिकल्याशिवाय हात लावायचा नसतो.
वस्तुस्थिती : कातडीखालच्या गळवाला तोंड येते, पण बोटाच्या आत खोलवर झालेल्या पुवाला बहुधा येतच नाही. बोट वाकवणारी कंडरा एका अरुंद, बंद आवरणातून सरकते. त्यात पू झाला की दाब वाढतो, कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती कुजू लागते. मग पू काढूनही बोट कायमचे आखडते. मधुमेह असेल तर बोट गमावण्याचा धोका आणखी मोठा. अंगठा आणि करंगळीचे आवरण मनगटापर्यंत जाते, त्यामुळे तिथला पू वर चढायला वेळ लागत नाही.

शिकागोचे शल्यविशारद अ‍ॅलन कानावेल यांनी 1912 च्या आपल्या ग्रंथात हाताच्या अशा जंतुसंसर्गाचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यांच्या नावाची चार लक्षणे डॉक्टर आजही तपासतात: बोट सगळीकडून सारखे सुजलेले, किंचित वाकलेले, तळव्याच्या बाजूने कंडरेवर दाबले की दुखणारे, आणि दुसऱ्याने हळूच सरळ केले की कळ मारणारे. सुरुवातीला चारही दिसतील असे नाही. सरळ करताना येणारी कळ मात्र अनेकदा लवकर सुरू होते. ही तपासणी घरीही होते, पैसा लागत नाही.

गैरसमज : ताप नाही, एक्स-रे चांगला, म्हणजे घाबरायचे कारण नाही.
वस्तुस्थिती : अनेकांना ताप येतच नाही. लाकडी काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत सापडू शकतो.

गैरसमज : गोळ्यांनी बसेल.
वस्तुस्थिती : वेदनाशामक गोळीने ठणका दबतो, पू नाही. यावर शिरेतून प्रतिजैविके, धनुर्वाताचे इंजेक्शन, हात उंच ठेवून पट्टीचा आधार आणि तातडीने शल्यचिकित्सकाची तपासणी लागते. पहिल्या दिवसात आलेला एखादा रुग्ण औषधांवर सुधारतो, पण तेही दवाखान्यात दाखल करून. इतरांचे आवरण शस्त्रक्रियेने धुवावे लागते. घरी ब्लेडने चीर देणे हा तर निव्वळ अविचार.

शल्यचिकित्सकाकडे पोहोचायला नेवासा फाट्यावरून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर, दोन्हीकडे थेट रस्ता आहे. निघण्याआधी अंगठी काढा, भूल द्यावी लागेल म्हणून काही खाऊ नका, आणि वाहन नसेल तर 108 ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.