पाणी तोडले की जाते थांबते?

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला गेलेले मूल विचारतेच, हे दगडी जाते फिरवते कोण? उत्तर समोर दिसत नाही. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीतून येते आणि जाते फिरते. याच शहरात, आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, मराठवाड्याच्या गावागावांतून माणसे केमोसाठी येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठीतही अशीच एक न दिसणारी नहर वाहत असते.

तिचे पाणी म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-२. सूज, ठणका, ताप यांमागे हाच रेणू असतो. तो तयार करायला लागणारे कॉक्स-२ हे विकर निरोगी आतड्यात जेमतेम सापडते. आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत मात्र ते भरपूर असते. ॲस्पिरिन या रेणूंची निर्मितीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गुडघेदुखीच्या बहुतेक गोळ्यांचे कामही तेच.

खरे नवल पुढे आहे. ५-फ्ल्युरोयुरॅसिल हे केमोचे जुने औषध डीएनए रचायला लागणारी एक वीटच पेशीला मिळू देत नाही. केमोने पेशी मरते, पण मरता मरता प्रोस्टाग्लँडिन सोडून जाते. मागे उरलेल्या पेशींना तो वाढीचा निरोप ठरतो! मूत्राशयाच्या कर्करोगावर उंदरांत केलेल्या प्रयोगांत हे २०१५ मध्ये दिसले. कॉक्स-२ रोखणारे सेलेकॉक्सिब दिल्यावर निरोप पोचेना आणि केमोचा जोर टिकला. आतड्याच्या पेशींतही हा रेणू मरण टाळणाऱ्या प्रथिनांना बळ देतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीत दाहशामक औषधाच्या जोडीने केमो अनेकदा जास्त पेशी मारते.

मग सगळ्यांनाच अशी दाहशामक गोळी का देत नाहीत? कारण प्रत्येक जाते एकाच पाण्यावर फिरत नाही. आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे २,५०० रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केमोसोबत सेलेकॉक्सिब किंवा नकली गोळी दिली गेली. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा एकूण गटात ठोस फरक नव्हता. २०२५ मध्ये उत्तर युरोपातल्या चाचणीने मात्र फक्त विशिष्ट जनुकीय बदल असलेले रुग्ण निवडले. पीआयके३सीए जनुकात ठरावीक बदल असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर तीन वर्षांत ७.७ टक्के जणांचा आजार उलटला. नकली गोळीवाल्यांत १४.१ टक्के जणांचा. ॲस्पिरिनच्या अशाच एका मोठ्या चाचणीत ब्रिटनसोबत मुंबईचे टाटा मेमोरियलही सहभागी आहे.

तेव्हा घरात कोणाची केमो चालू असेल, तर दुखण्याची गोळी परस्पर देऊ नका. केमोत प्लेटलेट उतरतात. त्यात ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, इतर वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो. मात्र डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : आमच्या माणसाच्या गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का?