आजोबांची पाऊणकी आणि समुद्राची भरती

मुलांनो, आमच्या खामगावच्या जनुना तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं, तिथेच ते संध्याकाळीही असतं. त्यामुळे पाणी दिवसातून दोनदा पुढे येतं नि दोनदा मागे जातं, हे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांच्या सहज ध्यानात येत नाही. समुद्रावर सहलीला जाताना मात्र ते ठाऊक हवंच.

रत्नागिरी शहराला लागून, खाडीच्या पलीकडे भाट्ये नावाचा किनारा आहे. काजळी नदी इथेच समुद्राला मिळते. सरळ, सपाट वाळू, काठाला सुरूचं बन आणि जवळच नारळ संशोधन केंद्र. शहर इतकं जवळ, तरी किनारा कसा निवांत! पण निवांत किनारा म्हणजे निर्धोक किनारा नव्हे.

चंद्राच्या आणि थोड्या सूर्याच्या ओढीमुळे भरती-ओहोटी होते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तितक्याच वेळाने भरती. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची भरती लहान, ती भांगाची भरती.

आता गंमत बघा. तुमच्या आजोबांना शाळेत पाऊणकी पाठ करावी लागे. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. कोकणात भरतीची वेळ याच हिशेबाने काढतात. तिथीच्या आकड्याला ३ ने गुणा नि ४ ने भागा. पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमेला सव्वाअकराला. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा १ धरायचा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा ढोबळ हिशेब आहे बरं का! वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते. म्हणून पाण्याजवळ जाण्याआधी गावातल्या कोळीबांधवांना विचारायचंच.

हे सगळं कशासाठी? फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरू नका. ओहोटीच्या वेळी तिथलं पाणी जोरात आत ओढतं.

• आजूबाजूला लाटा फुटताहेत आणि मधलाच पट्टा शांत दिसतोय? तो सर्वांत फसवा. तिथून पाणी समुद्राकडे परत जात असू शकतं.

• ओढले गेलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर या.

• मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. आरडाओरडा करा. दोरी, रिकामा डबा, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका.

पालकहो, सहलीच्या पत्रावर सही करताना एक प्रश्न जरूर विचारा : समुद्रावर पोचाल तेव्हा भरती असेल की ओहोटी?

आणि मुलांनो, आता भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आज तिथी कोणती? करा पाऊणपट! भाट्याला भरती किती वाजता, ते आजोबांना सांगा आणि पाऊणकी आठवते का, तेही विचारा.